पाणी मुकीमचं, पैसा गाम्पोंगचा

बांदा आचेहून मेदानकडे जाणारा रस्ता सलावाहच्या डोंगरातून खाली उतरला की पिदी जिल्ह्याची सपाटी लागते. डाव्या हाताला काही अंतरावर मलाक्काची सामुद्रधुनी, उजवीकडे बुकित बारिसानची डोंगररांग आणि मधे भातखाचरं. खाचरांमध्ये नारळी-पोफळींची दाट बेटं दिसतात. असं एकेक बेट म्हणजे एकेक गाव, आचेच्या भाषेत गाम्पोंग. आत शिरलं की खांबांवर उचललेली जुनी लाकडी घरं, त्यांच्या शेजारी गेल्या वीसेक वर्षांत उठलेली सिमेंटची घरं, अंगणात वाळत घातलेलं भात, आणि गावाच्या मधोमध मेउनासा. मेउनासात नमाज होते, संध्याकाळी पोरं कुराण शिकतात आणि गावाची बैठकही तिथेच भरते. प्रवाशाला वाटावं, इथे काही घडतच नाही.

इंडोनेशियाच्या आचे प्रांतात अशी साडेसहा हजारांच्या आसपास गाम्पोंग आहेत आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या त्रेपन्न लाखांच्या घरात होती. म्हणजे सरासरी गाव आठशे माणसांचं. इतक्या छोट्या गावाला स्वतःपुरता रस्ता करता येतो, मेउनासा बांधता येतो, पण नदी सांभाळता येत नाही, डोंगरावरचं जंगल राखता येत नाही. ही कामं जुन्या आचेत ज्या व्यवस्थेकडे होती, ती आज कायद्याच्या पुस्तकात सन्मानाने नांदते आणि पैशाच्या हिशेबात कुठेच सापडत नाही. आचेच्या शेतीसमोरचा आजचा सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

ती व्यवस्था म्हणजे मुकीम. शाफी परंपरेत शुक्रवारच्या सामूहिक नमाजाला किमान चाळीस पुरुष लागतात. एका छोट्या गावात तेवढे मिळतीलच असं नाही, म्हणून आसपासची काही गावं मिळून एक जुम्मा मशीद, आणि त्या मशिदीभोवतीचा मुलूख तो मुकीम. सुरुवात अशी धार्मिक सोयीतून झाली खरी, पण हळूहळू पाणी, चराई, जंगल, बाजार, गावागावांतले तंटे हे सगळं मुकीमच्या कक्षेत आलं. मुकीमचा प्रमुख तो इमुम मुकीम. गावाचा प्रमुख केउचिक, त्याच्या जोडीला जाणत्यांचं मंडळ तुहा पुत. कामागणिक आणखी माणसं: बाजाराचा वेगळा, जंगलाचा वेगळा, समुद्राचा वेगळा. आणि भातखाचरांचा जो, तो केजरून ब्लांग.

या केजरून ब्लांगचं काम नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा वाद शेवटी त्याच्यापाशी येतो. भात कधी लावायचं, ही इथे एकेकट्या शेतकऱ्याची मर्जी नसते. हंगामाच्या तोंडाशी सगळे खातेदार जमतात. वर्गणी काढून गाय किंवा म्हैस कापली जाते, पाटाच्या तोंडाशी किंवा बांधावरच मोठ्या हंड्यांत मटण शिजतं, दुआ होते आणि सगळे एकत्र जेवतात. ही खांदुरी ब्लांग. जेवणं झाली की ठरतं: पाट कधी साफ करायचा, कुणाच्या घरचं किती माणूस त्या कामाला येणार, पाणी कधी सोडायचं, रोपं कधी टाकायची, लावणी कधी. जुन्या काळी ही वेळ चंद्र आणि वृश्चिक यांची गाठ महिन्याच्या कितव्या दिवशी पडते यावरून काढत. मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात परकं काही वाटणार नाही. आता सरकारी हवामान खात्याचा अंदाज आणि धरणातल्या पाण्याचं वेळापत्रकही बैठकीत येतं. पण तारीख ठरते ती सगळ्यांची मिळून एकच.

एकाच वेळी लावणी करण्यामागे फार व्यवहारी शहाणपण आहे. खाचरातून खाचरात पाणी उतरतं. वरचा शेतकरी महिनाभर मागे राहिला तर खालच्याला कापणीच्या वेळी चिखल आणि लावणीच्या वेळी कोरड. उंदीर आणि तुडतुडे एका शेतातून दुसऱ्या शेतात जगत राहतात ते याच मागेपुढे लावलेल्या भातावर. सगळं शिवार एकदम मोकळं झालं की त्यांची साखळी तुटते. शिवाय कापणीनंतर गुरं मोकळी सोडायचा काळ येतो, लुआह ब्लांग म्हणतात त्याला. त्या काळात तुमचं एकट्याचंच भात उभं असेल आणि गुरांनी खाल्लं, तर भांडायला तोंड राहत नाही. नियम मोडणाऱ्याला समज देणं, दंड करणं, दोन शेजाऱ्यांतला पाण्याचा तंटा मिटवणं हेही केजरूनचंच काम. 2008 च्या प्रांतिक कायद्याने, म्हणजे कानूनने, ही कामं लेखी त्याच्या नावावर लावलेली आहेत. मोबदला म्हणून परंपरेने कापणीनंतर प्रत्येक खातेदाराकडून थोडं भात.

धुळे-नाशिककडे पांझरा आणि मोसमच्या काठची फड बागायत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाटकरी आठवेल. तिथेही एका फडात एकच पीक आणि पाण्याचा शब्द पाटकऱ्याचा. त्या फडांपैकी किती उरले, हेही त्यांना ठाऊक असेल.

आचेत हा घोळ सुरू झाला 1979 साली. सुहार्तो राजवटीने त्या वर्षी ग्रामप्रशासनाचा क्रमांक पाचचा कायदा केला आणि सगळ्या देशात जावाच्या धर्तीवर 'देसा' ही एकसारखी गावव्यवस्था लागू केली. गाम्पोंगचं देसा झालं, केउचिकचा गावप्रमुख झाला आणि त्याचं तोंड गावाकडून तालुक्याच्या कचेरीकडे वळलं. मुकीमला त्या आराखड्यात जागाच नव्हती. लोक इमुम मुकीमला मान देत राहिले, त्याला लग्नाकार्याला बोलवत राहिले, पण अधिकार गेला. तंटा मिटवायला, जंगलतोड अडवायला, पाटावर माणसं बोलवायला त्याच्यामागे उभं राहणारं कुणी उरलं नाही.

त्यात दहाच वर्षांनी लष्कर आलं. स्वतंत्र आचेची मागणी करणारी गाम ही संघटना 1976 च्या डिसेंबरात हसन दि तिरो यांनी स्थापन केली, आणि ते याच पिदीतल्या तिरोचे. म्हणून 1989 ते 1998 या लष्करी कारवाईच्या काळात पिदीने फार सोसलं. ग्लुम्पांग तिगा भागातलं रुमोह गुदोंग हे मोठं जुनं लाकडी घर लष्कराने ठाणं म्हणून घेतलं आणि तिथे गावकऱ्यांना आणून छळलं गेलं. 1998 मध्ये लोकांनी ते जाळलं. 2023 च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो तिथे आले आणि जुन्या मानवाधिकार भंगाच्या प्रकरणांची न्यायालयाबाहेरची भरपाई त्यांनी तिथूनच जाहीर केली. भेटीच्या आधी उरलेसुरले अवशेष पाडून टाकण्यात आले होते. मला ती गोष्ट अजून सलते. तर, इथल्या गावांच्या शांततेबद्दल कौतुकाने बोलताना हे विसरू नये की या शांततेत एक थर भीतीचाही आहे. रात्रीची बैठक म्हणजे संशय, चार माणसं एकत्र दिसली म्हणजे चौकशी, अशी वर्षं ज्या गावांनी काढली, तिथे सामूहिक निर्णयाची सवयच मोडते. खांदुरी ब्लांगसारखा जमाव भरवणं त्या दिवसांत सोपं नव्हतं.

26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी आली, इंडोनेशियात दीड लाखाहून जास्त माणसं गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये, 15 तारखेला, हेलसिंकीत मार्टी अह्तिसारी यांच्या मध्यस्थीने सरकार आणि गाम यांच्यात करार झाला. 2006 चा आचे शासन कायदा त्यातूनच आला. मुकीम, गाम्पोंग आणि अदातच्या म्हणजे रूढीच्या संस्था यांना पुन्हा नाव मिळालं. प्रांताच्या 2003 च्या कानूनांनी सुरुवात केलीच होती, आता तिला केंद्रीय कायद्याचं बळ मिळालं. इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे.

पण मान एकीकडे आणि पैसा दुसरीकडे गेला. राष्ट्रीय देसा कायदा 2014 चा, आणि 2015 पासून गावांना थेट निधी, दाना देसा. पहिल्या वर्षी देशभर मिळून 20 लाख कोटी रुपियांच्या आसपास, 2019 पर्यंत 70 लाख कोटी. सुरुवातीच्या वर्षांत यातले 90 टक्के सगळ्या गावांत सारखे वाटले गेले, फक्त 10 टक्के लोकसंख्या, गरिबी वगैरे पाहून. या हिशेबात जावाच्या हजारो वस्तीच्या देसाला आणि आचेच्या आठशे वस्तीच्या गाम्पोंगला जवळपास सारखंच ताट वाढलं गेलं. म्हणजे आचेच्या गावांना दरडोई भरपूर मिळालं. मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. ज्या गावांनी इतकं भोगलं त्यांच्या हाती थेट पैसा यावा, हे न्यायाचंच आहे.

माझी तक्रार त्या पैशाच्या कुंपणाबद्दल आहे. गावाचा पैसा गावाच्या हद्दीत खर्च व्हायला हवा आणि हिशेब गावाचा हवा. मग गावातला गल्लीरस्ता काँक्रीटचा होतो, गटार होतं, गावाच्या तोंडाशी कमान उभी राहते. पाट मात्र पाच गावांतून जातो. त्याचं तोंड गाळाने भरलं तर ते साफ करणं यांपैकी एकाही गावाचं काम नाही. मोठ्या कालव्यांचं तर वेगळंच. इंडोनेशियात 3 हजार हेक्टरच्या वरचं सिंचनक्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत, एक ते तीन हजार प्रांताच्या, त्याखालचं जिल्ह्याच्या. पिदीतलं बारो राया हे सिंचनक्षेत्र सुमारे 12 हजार हेक्टरचं, त्याच्यासाठी रुकोह इथे मोठं धरण बांधलं गेलं. म्हणजे मुख्य पाणी जाकार्ताच्या खात्याचं, शेवटची खाचरं गाम्पोंगची आणि मधला सगळा मामला कुणाचाच नाही. त्या मधल्या जागेतच केजरून ब्लांग उभा असतो, हातात एक कानून आणि कापणीनंतर मिळालं तर मिळालं असं भात घेऊन.

आचेची गरिबी पाहिली की हे जास्तच टोचतं. आचेतल्या आरुणच्या नैसर्गिक वायूवर देशाने अनेक वर्षं कमाई केली, 2014 मध्ये तिथून द्रवरूप वायूची शेवटची खेप गेली. शांतता करारानंतर विशेष स्वायत्तता निधी मिळाला, 2008 पासून पंधरा वर्षं राष्ट्रीय सामान्य अनुदानाच्या 2 टक्के, 2023 पासून पाच वर्षं 1 टक्का. आणि तरी आचे गेली अनेक वर्षं सुमात्रातला सगळ्यात गरीब प्रांत राहिला आहे. 2027 ला हा निधी संपतो. म्हणून आता कायदा सुधारून मुदत वाढवावी, टक्का वाढवावा ही चर्चा चालू आहे. मुदत वाढवावीच. पण टक्क्यावर जेवढा घसा कोरडा होतो त्याच्या दशांशाने तरी कुणी विचारावं की तो पैसा कोणत्या पातळीवर पोचणार आहे.

डोंगराकडे पाहिलं तर प्रश्न आणखी गंभीर होतो. पिदीच्या नद्या, क्रुएंग बारो आणि क्रुएंग तिरो, बुकित बारिसानमधून येतात. वरच्या अंगाला तांग्से, भात आणि कॉफीसाठी नावाजलेलं. मार्च 2011 मध्ये तिथे डोंगरावरून लोंढा आला आणि सोबत ओंडके. त्याच्याही आत ग्युम्पांग, जिथे बेकायदा सोन्याचं खोदकाम चालतं. 2025 च्या नोव्हेंबरअखेरीस सेन्यार चक्रीवादळाचा पाऊस उत्तर सुमात्रावर कोसळला तेव्हा आचे आणि शेजारचे दोन प्रांत मिळून हजाराहून जास्त माणसं गेली. शेजारच्या पिदी जाया जिल्ह्यात घरं चिखलाने भरली. 2016 च्या डिसेंबरात भूकंपाने शंभरच्या आसपास माणसं घेतली तोच हा जिल्हा. वरचं जंगल कुणी राखायचं, याचं उत्तर खालच्या गावाकडे असूच शकत नाही. मुकीमकडे ते होतं, कारण मुकीमच्या मुलखात नदीचा वरचा भागही येई.

हे जुन्या काळाचं स्मरणरंजन आहे, असं कुणी म्हणेल. मी दोन उदाहरणं पुढे ठेवतो, दोन्ही आजची.

पहिलं समुद्राचं. आचेच्या कोळ्यांचा पांग्लिमा लाओत, म्हणजे समुद्राचं काम पाहणारा रूढीचा प्रमुख, आजही जबरदस्त आहे. शुक्रवारी मासेमारी बंद म्हणजे बंद. त्सुनामीनंतर 26 डिसेंबरलाही कुणी समुद्रात जायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतः केला आणि तो पाळला जातो. याचं एक कारण मला साधं दिसतं. पांग्लिमा लाओतची हद्द ही खाडी आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या बोटींची. देसाची रेघ पाण्यावर ओढता आली नाही, म्हणून ती संस्था तुटली नाही.

दुसरं जंगलाचं. रूढीने राखलेलं जंगल हे सरकारी जंगल नव्हे, असा निकाल इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने 2013 मध्ये दिला. तो आचेपर्यंत पोचायला दहा वर्षं लागली, पण 2023 मध्ये पिदीतल्या बुंगा, कुन्येत आणि पालोह या मुकीमांची वनं अदात-वन म्हणून मान्य झाली. मान्यता गावाला मिळाली नाही, मुकीमला मिळाली, हे महत्त्वाचं. जंगलाच्या बाबतीत सरकारला जे कळलं ते पाण्याच्या बाबतीत का कळू नये?

आक्षेप आहेत, आणि त्यांतला एक मला मनापासून पटतो. रूढीच्या हाती अधिकार देणं म्हणजे तिच्या सगळ्या बाजू मजबूत करणं. 2008 च्या कानूनने अठरा प्रकारचे तंटे आधी गावात, मुकीमात मिटवायला सांगितले आहेत. त्यांत हद्दीचे वाद आहेत, किरकोळ चोऱ्या आहेत, आणि खलवतही आहे, म्हणजे लग्नाचं नातं नसलेल्या स्त्री-पुरुषांची एकांतातली भेट. ज्या प्रांतात शरियतच्या फौजदारी कानूनखाली जाहीर फटके मारले जातात, तिथे गावच्या वडीलधाऱ्यांना आणखी बळ देताना हात थांबलाच पाहिजे. म्हणून मी म्हणतो, मुकीमला पाणी द्या, जंगल द्या, चराई द्या, त्यासाठी पैसा आणि हिशेबनीस द्या. माणसांच्या खाजगी आयुष्यावरची पहारेदारी देऊ नका. या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून मिळतात असं भासवणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत, ते चूक आहेत.

आणि बायकांचं काय? पिदीत लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. मुलीला आईबापांकडून घर मिळतं, पुष्कळदा शेताचा तुकडाही. बायकोला म्हणतातच पो रुमोह, घराची मालकीण. पुरुष पिढ्यानपिढ्या व्यापारासाठी बाहेर जात आले, पूर्वी मिऱ्याच्या मळ्यांकडे, आता मेदान, जाकार्ता, मलेशियातल्या किराणा दुकानांत. मागे शेत सांभाळते ती बाई. लावणीला वाकते ती तीच, आणि दोन हंगामांच्या मधे हातात रोकड आणते तीही. ओसरीच्या सावलीत बसून ती मेलिंजोच्या बिया कढईतल्या तापल्या वाळूत भाजते, एकेक मूठ काढून कवच फोडते आणि गर गरम आहे तोवर दगडावर हातोडीने ठेचून कागदासारखी पातळ चकती करते. बी निवली तर तडकते, म्हणून हात थांबवता येत नाही. या चकत्या वाळवल्या की झाली एम्पिंग. पिदीची एम्पिंग सगळ्या इंडोनेशियात जाते. एवढं सगळं जिच्या हातावर चालतं ती केजरूनच्या बैठकीत मात्र नसते. खांदुरीचा मसाला ती वाटते, पाण्याची पाळी पुरुष ठरवतात. मुकीमला निधी द्यायचा तर खातेदार म्हणून तिची जागा त्या बैठकीत लेखी ठरवून द्यायला हवी. रूढीत बसत नाही म्हणणाऱ्यांना सांगावं, जमीन तिच्या नावावर ठेवणारी रूढीही तुमचीच आहे.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. केउचिक तरी थेट निवडून येतो, इमुम मुकीम गावांच्या विचारविनिमयातून पुढे येतो आणि नेमणूक जिल्ह्याचा प्रमुख, म्हणजे बुपाती, करतो, मग त्याच्या हाती पैसा कसा द्यायचा? आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. जुम्मा मशिदीच्या फलकावर जमाखर्च लावता येतो. दर शुक्रवारी तिथे गावोगावचे लोक जमतातच, आणि बायकांसाठी तोच कागद प्रत्येक मेउनासाच्या भिंतीवर लावता येतो. निवड थेट मतदानाने हवी तर तीही करता येते. हिशेब नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून हिशेबाची घडी बसत नाही, हा फेरा सरकारनेच तोडायचा आहे.

मला धास्ती वेगळ्याच गोष्टीची वाटते. पाट ओळखणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. कोणत्या बांधाची मोरी किती बोटं उघडायची, कोणत्या खाचरातून पाणी झिरपून खाली जातं, कुणाच्या आजोबांनी कुणाला वाट दिली होती, हे कुठल्या नकाशात नाही. मलेशियात दुकान सांभाळणारा पोरगा केजरून व्हायला परत का येईल? मूठभर भातावर तर नक्कीच नाही.

म्हणून 2027 च्या आत तीन कामं व्हावीत. स्वायत्तता निधीची मुदत वाढेल तेव्हा त्यातला ठरावीक वाटा मुकीमच्या नावे कायद्यातच लिहावा. केजरून ब्लांगला नियमित मानधन मिळावं आणि बारो रायासारख्या क्षेत्रात पाणी सोडण्याच्या वेळापत्रकावर त्याची सही लागावी. आणि सगळ्यात आधी, पिदीतल्या प्रत्येक मुकीमची हद्द, तिच्यातले पाट, बंधारे आणि वरचं जंगल, गावोगावच्या जाणत्या माणसांना आणि बायकांना सोबत घेऊन मोजून नकाशावर चढवावी. बुंगा, कुन्येत आणि पालोहच्या वनांसाठी हद्दी ठरवता आल्या, तर खालच्या खाचरांसाठीही ठरवता येतील. पुढच्या लावणीआधी सुरुवात करायला अडचण काहीच नाही.